पावसात भिजलेला कॅमेरा वाचतो, मग खाऱ्या पाण्याचा का वाचत नाही?

जून लागला की कोल्हापुरातल्या कॅमेरावाल्यांच्यात सरळ दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी कॅमेरा बॅगेत घालून, चेन लावून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवून देते ते थेट गणपतीलाच बाहेर काढते. दुसरी पार्टी दर रविवारी गगनबावडा, बर्की-राऊतवाडीचे धबधबे, नाहीतर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असं कळलं की गाडीला किक मारून तिकडं. गंमत अशी की पावसाळा संपल्यावर रिपेअरवाल्याच्या टेबलावर दोन्ही पार्ट्यांचा माल असतोय, आणि कपाटवाल्यांचा काही कमी नसतोय.

कारण आपण सगळ्याला एकच नाव देतो, "पाणी लागलं". प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: पावसाचं पाणी, समुद्राचं पाणी आणि हवेतला दमटपणा. तिघांची कॅमेरा बिघडवायची पद्धत वेगळी, त्यामुळं उपाय पण वेगळे. आणि तिन्हीत खरं नुकसान बहुतेक वेळा फोटो काढताना होत नाही, घरी आल्यावर होतंय, कॅमेरा तसाच बॅगेत टाकून आपण गरमागरम भजी खायला बसतो ना, तेव्हा.

आधी पावसाचं बघू. पावसाचं पाणी तसं बऱ्यापैकी शुद्ध असतंय, त्यात विरघळलेले क्षार कमी, त्यामुळं त्यातून वीज नीट वाहत नाही. म्हणून पावसाचे दोनचार थेंब आत गेले, तुम्ही लगेच बंद करून बॅटरी काढली आणि नीट वाळवलं, तर कॅमेरा वाचायची शक्यता चांगली असते. पाणी उडून जातंय आणि मागं फारसं काही उरत नाही.

आता पाणी आत शिरतंय कुठून? बॉडीला (लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) जिथं जिथं फट आहे तिथून, म्हणजे बटणं, डायल, बॅटरीचं झाकण, कार्डचं झाकण, केबल लावायच्या रबरी झाकणाखालून, वरच्या हॉट शूमधून (बाहेरचा फ्लॅश लावायची खाच), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेन्स आणि बॉडी जिथं जुळते त्या माउंटमधून. महागड्या बॉडीत या सगळ्या ठिकाणी रबराच्या किंवा फोमच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यालाच वेदर सीलिंग म्हणतात. कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० असल्या सुरुवातीच्या बॉडीत हे नसतंच. लेन्सला सीलिंग आहे का ते बघायला लेन्स काढा आणि मागचा धातूचा गोल बघा, त्याच्या कडेला बारीक रबराची रिंग दिसली तर आहे. कॅमेऱ्यासोबतच येणाऱ्या अठरा-पंचावन्नच्या किट लेन्सला बहुतेक वेळा ती नसते, म्हणजे लाखाची सील केलेली बॉडी घेतली आणि पुढं किट लेन्स लावली तर मोठं दार उघडंच राहिलं. कॅननच्या काही एल सिरीजच्या, म्हणजे महागड्या लेन्सचं तर पुढं फिल्टर (वरून बसवायची जादा काच) लावल्यावरच सीलिंग पूर्ण होतंय, असं कंपनीच सांगते.

आणि "वेदर सील्ड" म्हणजे वॉटरप्रूफ नाही, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. यासाठी आयपी रेटिंग नावाची प्रमाणित चाचणी असते. त्यात दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. मोबाईलवर आयपी ६७ लिहिलेलं असतंय त्यातला ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आता ओएम सिस्टिम कंपनीचा ओएम-१ घ्या, रेटिंग छापून देणाऱ्या मोजक्या मोठ्या कॅमेऱ्यांपैकी एक, त्याचं रेटिंग आयपी ५३. त्यातला ३ म्हणजे वरून आणि तिरका, उभ्या रेषेपासून ६० अंशापर्यंत येणारा फवारा. आपल्याकडं घाटाच्या कडेला पाऊस काय असा नियमात पडत नाही राव. गगनबावड्याला किंवा आंबोलीच्या कावळेसादला कड्यावर उभं राहिलं की दरीतला वारा पाऊस खालून वर फेकतो, आणि तो थेट बॅटरीच्या झाकणावर. बाकीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना तर कसलं रेटिंगच नसतंय, नुसतं "धूळ आणि पाण्यापासून संरक्षण" असं मोघम लिहिलेलं असतंय. आणि रबर जुनं होतंय. पाच वर्षं वापरलेल्या बॉडीचं सीलिंग नव्यासारखंच असेल असं धरून चालू नका.

झूम लेन्सचं एक वेगळं लफडं आहे. झूम केल्यावर जी लेन्स लांब होते तिच्या आतली जागा वाढते, आणि ती भरायला बाहेरची हवा आत ओढली जाते. बाहेर पाऊस असेल तर ती हवा ओलीच असणार, शिवाय बाहेर आलेल्या नळीवर बसलेले थेंब नळी आत जाताना सोबत आत जातात. म्हणून पावसात झूम कमी फिरवा, एका ठिकाणी ठेवून पायानं पुढंमागं व्हा, आणि लेन्स आत घ्यायच्या आधी नळी पुसून घ्या. ७०-२०० एफ २.८ सारख्या बऱ्याच लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यांना हा त्रास कमी.

झाकायचं कसं

रेनकव्हर विकत मिळतात, चांगली पण असतात, पण एक जाड पारदर्शक पिशवी आणि दोन रबर बँड एवढ्यात पण काम भागतंय. साडी किंवा शर्ट ज्या पिशवीत येतो तसली पिशवी घ्या. बंद बाजूला लेन्सच्या हूडपेक्षा (लेन्सच्या तोंडाला लावायचा गोल आडोसा) थोडं लहान भोक पाडा, हूड त्यातून बाहेर काढा आणि हूडवरच रबर बँड आवळा, लेन्सच्या रिंगवर नको, नाहीतर फोकस फिरणार नाही. पिशवीचं तोंड खाली ठेवायचं आणि त्यातून दोन्ही हात आत घालायचे. गगनबावड्याकडं रोपलावणीला वाकलेल्या बायका इरलं घेतात ना, पाठ झाकलेली आणि हात मोकळे, अगदी तसं. खालचं तोंड आवळून बांधू नका, हाताच्या उबेनं आणि घामानं आतून वाफ धरते आणि बाहेर पाऊस नसला तरी कॅमेरा भिजतो.

हूड तर पावसात लावाच. ऊन नाही मग हूड कशाला, असं म्हणणारे बरेच भेटतात, पण पुढच्या काचेवर थेंब पडू नयेत म्हणून त्याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. लेन्स थोडी खाली झुकवून ठेवा, फोटो काढायच्या वेळीच वर करा. सोबत एक पातळ सुती पंचा ठेवा. टर्किश टॉवेल एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही, पंचा पिळला की परत कामाला तयार. पंचा हाताला आणि बॉडीला, काचेला मात्र वेगळं मायक्रोफायबरचं कापड, ते खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि उघड्यावर लेन्स बदलू नका. बदलायचीच तर गाडीत बसून, आधी माउंटच्या कडेनं गोल पुसून घ्या, कारण तिथल्या खाचेत पाण्याची एक बारीक रेघ साचलेली असते आणि लेन्स फिरवली की ती सरळ आत उतरते.

गाडीचा विषय निघालाच आहे तर. एसी लावून शाहूवाडीमार्गे आंबा घाटापर्यंत गेला, दार उघडलं, कॅमेरा काढला आणि काच पांढरी धुरकट. चिडून पुसली, परत धुरकट. हवा ३० अंशाची आणि दमटपणा ८० टक्के असेल तर २६ अंशाच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमतं, आणि एसीतला कॅमेरा साधारण २२-२४ अंशाला असतो. बाहेरची काच पुसता येते हो, पण तुम्ही घाईनं लेन्स बदलली तर हेच सेन्सरवर (आतला फोटो टिपणारा भाग) आणि आतल्या काचांवर जमतंय. उपाय साधा आहे, कॅमेऱ्याची बॅग डिक्कीत ठेवा, नाहीतर पोचायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली घ्या. हॉटेलच्या एसी रूममधून निघताना कॅमेरा बंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि तो बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका, म्हणजे पाणी पिशवीवर जमतं, कॅमेऱ्यावर नाही.

घाट उतरला की नियम बदलले

कोल्हापूरकर गगनबावडा नाहीतर फोंडा उतरून मालवण, देवगड, विजयदुर्गला जातो आणि तिथंही तीच पिशवी, तोच पंचा वापरतो. इथं खरी गोची आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. नळाच्या पाण्याच्या तुलनेत त्यातून वीज शंभर पट किंवा त्याहून सहज वाहते. म्हणजे चालू कॅमेऱ्यात सर्किटच्या दोन बारीक रेघांवर खाऱ्या पाण्याचा एक थेंब पडला, की बॅटरीचा करंट त्या थेंबातून पळायला लागतो आणि तांबं विरघळायला सुरुवात होते, तेच ते हिरवं साचलेलं दिसतं. महागडी बॉडी मॅग्नेशियमची, स्क्रू पोलादाचे, कॉन्टॅक्टवर सोन्याचा मुलामा, असे वेगवेगळे धातू खाऱ्या ओलाव्यानं एकमेकांना जोडले गेले की त्यातला जास्त क्रियाशील धातू गंजत जातो, मग कॅमेरा बंद असला तरी.

पण सगळ्यात वाईट वेगळंच आहे. पावसाचा थेंब वाळला की संपला, खारा थेंब वाळला की मीठ मागं राहतं. आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतंय, जुलैत घरातली मिठाची बरणी उघडून बघा, पाझरलेलं असतंय. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात सोबत मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं, आणि आपल्याकडं एवढी कोरडी हवा उन्हाळ्यातच काय ती मिळते. म्हणजे तारकर्लीला बॉडीवर बसलेलं मीठ तुम्ही कोल्हापुरात आणलं, पावसाळ्यात कपाटात ठेवलं, तर ते रोज नव्यानं ओलं होतं आणि रोज थोडं थोडं खातं. ट्रिपला काही झालं नाही, कॅमेरा मस्त चालला, आणि दोन महिन्यांनी बटण दाबलं जाईना, याचं कारण हे.

त्यात समुद्राचं पाणी अंगावर यायला लाट यायला लागत नाही. लाटा फुटल्या की त्यातले बारीक तुषार वाऱ्याबरोबर बरेच आत येतात, डोळ्याला दिसत पण नाहीत. चष्मा असेल तर किनाऱ्यावर थोडा वेळ उभं राहून काढून बघा, काचेवर चिकट धुरकट थर दिसेल. तोच थर कॅमेऱ्यावर पण आहे असं समजा. म्हणून किनाऱ्यावर वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा, फोटो काढून झाला की कॅमेरा गळ्यात लटकवत फिरू नका, बॅगेत ठेवा, आणि बॅग वाळूत ठेवू नका. इथं मी पुढं साधा यूव्ही फिल्टर लावायच्या बाजूचा आहे. एरवी त्याचा फार काही उपयोग नाही असं माझं मत, पण समुद्रावर लेन्सची पुढची काच पंधरा वेळा पुसण्यापेक्षा फिल्टर पुसलेला बरा, खराब झाला तर फेकून देता येतो.

पुसायची पण पद्धत आहे आणि ती लोक उलटी करतात. वाळलेलं मीठ कोरड्या कापडानं खसाखसा पुसायचं नाही. मीठ तसं काचेपेक्षा मऊच, पण त्याच्यासोबत वाळूचे कण आलेले असतात आणि वाळू काचेपेक्षा कडक. आधी हातातल्या रबरी ब्लोअरनं फुंकर मारून कण उडवा, तोंडानं नको, थुंकी उडते. मग मऊ कापड पिण्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, एवढं की दाबलं तरी थेंब येऊ नये, आणि त्यानं हलक्या हातानं मीठ विरघळवून उचला. कापडाची घडी बदला, परत तेच. मग दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घ्या. बॉडीला पण असंच, त्यात बटणांच्या भोवती, हॉट शूच्या खाचेत आणि पट्ट्याच्या कडीजवळ जास्त वेळ द्या. पट्टा तर काढून साध्या पाण्यात धुवूनच टाका, तो खाऱ्या पाण्यानं भिजलेला असतो आणि आपण तोच बॉडीला गुंडाळून ठेवतो. ट्रायपॉड पाण्यात उभा केला असेल तर पाय पूर्ण उघडून नळाखाली धुवा, नाहीतर पुढच्या वेळी लॉक फिरवताना वाळू करकरते. हे सगळं त्याच रात्री, मालवणातल्या रूमवर. कोल्हापुरात पोचून रविवारी निवांत करू म्हणलं की राहिलंच ते.

गोप्रो, म्हणजे पाण्यातही चालणारा छोटा कॅमेरा, बहुतेक मॉडेलांत हाऊसिंगशिवाय (वरच्या वॉटरप्रूफ डब्याशिवाय) १० मीटरपर्यंत चालतो, पण झाकण नीट बसलेलं असेल तरच. रबराच्या कडेला वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत. समुद्रातून आलं की आधी साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा, कोरडा करायचा आणि मगच झाकण उघडायचं. मोबाईलसाठी जे प्लॅस्टिकचे पाऊच मिळतात ते वापरायच्या आधी आत टिश्यू पेपर ठेवून बादलीत बुडवून बघा, पेपर कोरडा निघाला तर मोबाईल घाला. आणि मोबाईलचं आयपी ६८ बघून समुद्रात उड्या मारू नका, ती चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यातली असते, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. खारं पाणी लागलेला मोबाईल चार्जिंगला लावू नका. भिजलेली बॅटरी तर अजिबात चार्ज करू नका, आग लागू शकते.

आणि भिजलाच तर? पहिलं काम, बंद करा आणि बॅटरी काढा. "बघू तरी चालतोय का" म्हणून चालू करणं हे सगळ्यात महाग पडतंय, कारण नुसत्या पाण्यानं जे झालं नसतं ते पाण्यात करंट सोडल्यावर होतंय. कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवा, लेन्स काढून वेगळी ठेवा, बॉडीचं सेन्सरकडचं तोंड खाली करून. पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) दोन-तीन दिवस. हेअर ड्रायर नको, तो पाणी अजून आत ढकलतो आणि आतले डिंक मऊ करतो. तांदळाच्या डब्यात पण नको. तांदूळ हवेतला ओलावा ओढण्यात अगदीच सुमार आहे, वर त्याची भुकटी फटीत जाऊन बसते, तांदळाचा भातच करा. लाट आतपर्यंत गेली असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, बॅटरी काढून दुसऱ्या दिवशी सकाळी रिपेअरवाल्याकडं, आणि खारं पाणी आहे हे न लाजता सांगा. स्वतः स्क्रू खोलू नका. अंगच्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या आसपास साठलेलं असू शकतं, बॅटरी काढली तरी.

कपाटवाल्यांनो, आता तुमचं

पावसाळ्यात कपाटातल्या कोल्हापुरी चपलेवर पांढरी बुरशी चढते की नाही? त्याच कपाटात तुमची लेन्स आहे. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतात, त्यांना अंधार, बंद हवा आणि साधारण ६५-७० टक्क्यांच्या वरचा दमटपणा मिळाला की वाढतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत हे तिन्ही फुकट मिळतं, वर बॅगेचा फोम ओलावा धरून ठेवतो. म्हणजे पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवणं हीच चूक. बुरशी काचेवर नुसती बसत नाही, ती आम्ल सोडते आणि लेन्सचं कोटिंग खाते, म्हणून लवकर साफ केली तर डाग जातात, उशीर झाला तर बुरशी जाते आणि तिची नक्षी राहते.

४० ते ५० टक्के दमटपणा लेन्सला चांगला. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेता आलं तर उत्तमच, नाहीतर झाकणाला रबर असलेला प्लॅस्टिकचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि काही शे रुपयांत मिळणारा छोटा हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा दाखवणारा काटा. तो काटा नसेल तर जेल काम करतंय की नुसतं पडलंय ते कळत नाही. जेल रंग बदलणारं घ्या, शक्यतो केशरी, ओलं झालं की हिरवट होतं. निळं गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट असतं आणि ते तब्येतीला चांगलं नाही. ओलं जेल स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवा, गार करा, परत डब्यात. एकदाच टाकून विसरलेलं जेल म्हणजे डब्यात ओलाव्याची पुडी ठेवल्यासारखंच झालं. आणि डबा मधूनमधून उघडून कॅमेरा वापरा, झूम फिरवा, शटर मारा.

जाता जाता, विसर्जन मिरवणुकीतला गुलाल पण विसरू नका, पावसात भिजलेला गुलाल बटणांच्या फटीत गेला की वाळून घट्ट बसतो. तिथं मात्र आधी कोरड्या ब्रशनं झाडायचं, ओलं कापड शेवटी.

एक शेवटचं. दसऱ्याच्या सुमाराला सेकंडहँड लेन्स बऱ्याच विकायला निघतात. घ्यायच्या आधी अपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे ठिपके असले तर तिकडं दुर्लक्ष करा, त्यानं काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी. जाळं अगदी कडेला आणि बारीक असेल तर फोटोत दिसणार नाही, तरी साफ करून घ्यायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा आणि साफ होईपर्यंत ती तुमच्या बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. विकणारा टॉर्च मारायलाच नको म्हणाला तर दुसरी लेन्स बघा.